अकराव्या डावाचं गाणं

१२ जुलै, तोमोउरा

चिनामी,

फोन उचलत नाहीस म्हणून पत्र. ट्रामने चार थांबे लांब राहणाऱ्या पोटच्या पोरीला पोस्टाचं तिकीट चिकटवून पत्र पाठवायची वेळ आली. पोस्टातली बाई पत्ता वाचून माझ्याकडे बघतच राहिली. मी म्हटलं, "शिक्का मारा बाई, चौकशा नकोत."

शनिवारच्या सामन्याचं मी सांगायला नको. तुझा नवरा, सेइजी, बॅटिंगला आला आणि आपल्या बाकांवरून एक सूर निघाला नाही. ट्रम्पेट नाही, ढोल नाही, झेंडेसुद्धा खाली. तो आपल्या चाहत्यांच्या मंडळाचा निर्णय होता, एकमताने झालेला. मी एकटा काय करणार?

तू चिडली आहेस, पण माझी बाजू एकदा ऐकून तर घे. मालकलोकांनी जूनमध्ये जाहीर केलं की पुढच्या हंगामापासून दोन लीग नकोत, एकच पुरे, संघ कमी करायचे, आणि आपल्या पाणकावळ्यांना डोंगरापलीकडच्या संघात मिसळून टाकायचं. मी जन्मभर ज्या संघासाठी घसा फोडला त्याच्या मरणाची बातमी मला दुकानात, मासळीच्या वड्या तळताना, रेडिओवर कळली. तेवढ्यात तुझा नवरा टीव्हीवर. खेळाडूंच्या संघटनेचा आपल्याकडचा प्रतिनिधी म्हणून टाय लावून बसलेला, आणि म्हणतो काय, "मालकांनी ऐकलं नाही तर आम्ही सामने बंद ठेवू."

संप! बेसबॉलचा संप! अगं, मालक आपल्या संघाचा गळा दाबायला निमित्तच शोधतायत, आणि जावईबापू स्वतः मान पुढे करून म्हणतायत, इथे दाबा. जो खेळणार नाही म्हणतो त्याला आम्ही कशासाठी प्रोत्साहन द्यायचं? आमच्या मंडळाकडे दुसरं काय आहे? मालकांकडे पैसा, खेळाडूंकडे संप. आमच्याकडे एकेका खेळाडूचं गाणं, त्याचं आम्ही थांबवलं.

गाणं तुझं आहे, हे मी विसरलेलो नाही. एकोणीस वर्षांची होतीस, मंडळात शेवटच्या रांगेत ट्रम्पेट वाजवायचीस, आणि नवीनच आलेल्या, बॅट हातात धरली की कान लाल होणाऱ्या पोरासाठी तू ते लिहिलंस. दुसऱ्या वर्षी त्याच्याशीच लग्न ठरवलंस. सगळं मंडळ मला चिडवायचं, "निकाइदोसान, लोक गाण्याला बक्षीस घेतात, तुमच्या पोरीने नवरा घेतला." मी रागावल्यासारखं करायचो, पण मनातून खूश असायचो.

फोन उचल.

बाबा

५ ऑगस्ट

चिनामी,

ओकिताच्या हातून पाठवलेल्या वड्या तशाच परत आल्या. डब्याला गाठसुद्धा माझीच होती. ओकिता म्हणाला, "दारात उभं राहून बोलली, आत या म्हणाली नाही. पण माझ्या गुडघ्यांची चौकशी केली." म्हणजे गावच्या न्हाव्याच्या गुडघ्यांची चौकशी होते, आणि बाप मेला की जिवंत ते विचारलं जात नाही. छान.

एक दुरुस्ती करतो. मागच्या पत्रात एकमताने म्हटलं, ते तसं नव्हतं. मी मंडळाचा प्रमुख म्हणून सगळ्यांपुढे उभा राहून विचारलं, "कुणाचा विरोध आहे का?" आणि माझं तोंड बघून कुणी बोललं नाही. ओकिताने ढोलाच्या काठ्या खाली ठेवल्या आणि टोपी डोळ्यांवर ओढली. त्यालाच मी संमती धरलं.

आता चार आठवडे असंच चाललंय, मध्येच बंद कसं करायचं? बोललो ते बोललो. पण एक सांगू, आपल्या बाकांवर एवढी शांतता मी कधी ऐकली नव्हती. बॅटला चेंडू लागल्याचा आवाज, पंचाचं खाकरणं, मागे कुणाचं तरी पोर "आई, हा आपल्यातला नाही का?" विचारतंय, सगळं ऐकू येतं. आणि तुझा नवरा! दर खेपेला मैदानात येताना हेल्मेटला हात लावून आपल्या बाकांकडे मान लववायचा ना? अजूनही लववतो. मला वाटलं टोमणा मारतोय. ओकिताला तसं म्हणालो तर तो फटकन बोलला, "टोमणा कसला? त्याची सवय आहे. सवय तुम्ही मोडलीत, त्याने नाही." न्हावी जात बोलभांड, दुसरं काय.

यंदाचं सगळंच बिघडलंय. तो नवा नियमच बघ. नऊ डावांत निकाल लागला नाही तर पूर्वी कसं निवांत जादा डाव खेळायचे. आता सामना सुरू होऊन साडेतीन तास उलटले की नवीन डाव सुरूच करायचा नाही, बरोबरी जाहीर करून दिवे बंद. वीज वाचते म्हणे. खेळ आहे की दातवाल्याकडची वेळ घेतलीय? परवा असाच सामना सुटला, माणसं तोंडात घास धरून उठली.

सेइजीची सरासरी घसरलीय. त्याचा गाण्याशी काही संबंध नाही, वय झालंय त्याचं. तुला तसं वाटत असेल तर चुकीचं आहे.

बाबा

२० सप्टेंबर

चिनामी,

संप झाला. शनिवार-रविवार दोन्ही दिवस स्टेडियमची दारं बंद. तुला ठाऊक नसेल, मी दोन्ही दिवस गेलो होतो.

दुकान ओकिताच्या बायकोवर टाकलं, टोपी घातली, तोंडाला मास्क लावला. ओळखलं जायला नको होतं. मला वाटलं खेळाडू घरी झोपले असतील. तर स्टेडियमच्या बाहेर टेबलं मांडून सगळा संघ ओळीने बसलेला, आणि समोर ही रांग! तिकीट काढलेल्या पोरांना सह्या देत होते, चेंडू कसा पकडायचा ते शिकवत होते. मी नुसता बघून परतणार होतो, पण मागच्यांनी ढकलत ढकलत मला टेबलापर्यंत आणलं. टेबलामागे तुझाच नवरा.

तो मान वर न करता म्हणाला, "बाबा, मास्क उलटा लावलाय."

"मी आपला इथून चाललो होतो," मी म्हटलं.

"मासळीबाजार तिकडे आहे."

मागची माणसं हसली. मलाही हसू आलं, पण मी ते मास्कमध्ये दाबलं. मग विचारलंच, "काय मिळवलंस रे हे करून? लोकांनी रात्रभर उभं राहून तिकिटं काढली होती."

त्याने पेन खाली ठेवलं. म्हणाला, "माझं काय राहिलंय बाबा? गुडघा गेलाय. संघ राहिला तरी माझा फार तर एक हंगाम. पण आमच्या ड्रेसिंगरूममध्ये कालपरवा मिसरूड फुटलेली पोरं आहेत. एक लीग झाली की त्यातली निम्मी घरी जातील. त्यांनी तोंड उघडलं तर उद्याच काढून टाकतील. मला काढलं तर बिघडत नाही, म्हणून मी बोलतो."

स्टेडियमभर ज्याचा आवाज घुमतो तो मी, चिनामी, टोपी सारखी करत राहिलो. मग मी आपला काहीतरी बोलायचं म्हणून बोललो, "गाण्याचं तुला वाईट वाटलं असेल."

"मी कधी काही म्हणालो?"

"नाही."

"ते चिनामीचं आहे. तिच्याशी बोला." आणि माझ्या मागच्या पोराकडे हात केला, "हं, तुझं नाव काय?"

आज बातमी आली. मालक नमले. दोन लीग राहणार, आणि पुढच्या वर्षी एक नवा संघ येणार. म्हणजे त्या मिसरूडवाल्यांना खेळायला जागा झाली. आपल्या पाणकावळ्यांचं विलीनीकरण मात्र होणारच, ते कागद आधीच झालेत. म्हणजे तुझा नवरा जिंकला, आणि त्यात आपलं घर तेवढं बुडालं. हे होणार हे त्याला आधीपासून माहीत होतं असं ओकिता म्हणतो. मी विचारलं, "मग तू मला का नाही सांगितलंस?" तर म्हणे, "तुम्ही कधी कुणाचं ऐकता?"

मी चुकलो, पोरी. हे एक वाक्य लिहायला चहाचे किती कप गेले ते विचारू नकोस.

बाबा

२७ सप्टेंबर

चिनामी,

आज घाईत लिहितोय. येत्या रविवारी पाणकावळ्यांचा घरच्या मैदानावरचा शेवटचा सामना. त्यानंतर हा संघ नाही, हे मंडळही नाही.

संपापासून सेइजीला त्यांनी बाकावर बसवून ठेवलंय. मॅनेजर म्हणतो गुडघा, पण वरून सांगितलंय हे शेंबडं पोरसुद्धा ओळखेल. तरी शेवटच्या सामन्यात एकदा तरी बदली फलंदाज म्हणून त्याला आणतीलच, लोक ऐकायचे नाहीत. एकदाच येईल. तेव्हा तुझं गाणं वाजणार. पहिला सूर मी स्वतः ट्रम्पेटवर धरणार. काल सगळ्यांना घरी बोलावून सराव घेतला. ओकिता ढोल वाजवताना रडला आणि मग म्हणाला, डोळ्यांत केस गेला.

तू ये. माझ्याशी बोलू नकोस, माझ्याकडे बघूही नकोस, पण तुझं गाणं ऐकायला ये.

बाबा

४ ऑक्टोबर

चिनामी,

तुला पेपरातून कळलं असेल. नियमाने घात केला.

सामना बरोबरीतच चालला होता. नऊ डाव झाले, दहावा सुरू झाला. दहाव्यात आपली बॅटिंग, दोघं बाद, आणि ध्वनिक्षेपकावर बदली फलंदाज म्हणून सेइजीचं नाव. सगळं स्टेडियम उभं राहिलं. पुढचा फलंदाज जिथे उभा राहतो त्या वर्तुळात येऊन तो बॅट फिरवायला लागला. मी ट्रम्पेट उचललं. पण मैदानात जो आहे त्याचंच गाणं वाजवायचं, वर्तुळात उभ्या असलेल्याचं नाही, ही आपली मंडळाची रीत, तू जाणतेसच. आधीचा खेळाडू बाद झाला की न झाला, एवढंच बघायचं होतं. तो बाद झाला, तिघं बाद म्हणून दहावा डाव संपला. मी म्हटलं, हरकत नाही, अकराव्या डावात आपल्याकडून पहिला सेइजीच. उलट बरं, सगळं गाणं पहिल्यापासून वाजवता येईल.

तेवढ्यात पंचाने घड्याळ बघितलं आणि दोन्ही हात वर केले. साडेतीन तास उलटले होते. सामना बरोबरीत. संपला.

सेइजी वर्तुळात तसाच उभा होता, बॅट खांद्यावर. मग ती जमिनीला टेकवून त्याने हेल्मेट काढलं आणि आपल्या बाकांकडे वाकून नमस्कार केला. लोक ओरडत होते, वाजवा, वाजवा! माझ्याच्याने वाजवलं गेलं नाही. ज्याला खेळायलाच मिळालं नाही त्याच्यासाठी कसलं गाणं? ओकिताने माझ्या हातातून ट्रम्पेट काढून घेतलं.

असला नियम करणाऱ्याचं तळपट होवो. ऑफिसात बसून खेळाचे नियम करणारे उंटावरचे शहाणे! बाकी सगळं नीट पार पडलं. सातव्या डावात नेहमीप्रमाणे फुगे सोडले, लोक खूप आले होते, रडारड झाली. तू आली नाहीस ते एका अर्थी बरंच झालं. तुला हे बघवलं नसतं.

बाबा

८ डिसेंबर

चिनामी,

बरेच दिवस लिहिलं नाही. आता लिहितोय ते सेइजीच्या सांगण्यावरून.

पाणकावळ्यांचे खेळाडू गेल्या महिन्यात डोंगरापलीकडच्या आणि बाकीच्या संघांनी वाटून घेतले. मिसरूडवाली सगळी पोरं कुठे ना कुठे लागली, दोघं तर नव्या संघात गेली. सेइजीचं नाव कुणी घेतलं नाही. गुडघा म्हणे. दुखऱ्या गुडघ्याचे किती खेळाडू अजून खेळतायत ते मला विचार. त्या गुडघ्यांनी संप पुकारला नव्हता, एवढाच फरक.

काल दुपारी तो दुकानात आला. मी गिऱ्हाईक समजून "या, या" म्हणालो, आणि वर बघतो तर हा. पाऊण किलो वड्या मागितल्या.

मी विचारलं, "चिनामीने पाठवलंय?"

"नाही. तिला आवडतात, पण मागणार नाही. म्हणून मी आलो." मग कढईकडे बघत म्हणाला, "तेल जास्त तापलंय बाबा."

"चाळीस वर्षं तळतोय मी!"

"तरी जास्त तापलंय."

खरंच तापलं होतं. मी आच कमी केली, त्याला चहा दिला, आणि तो स्टुलावर बसला. आणि चहा पिताना त्याने एकदाही त्या दिवसाचा विषय काढला नाही. न काढल्यामुळेच मला राहवेना. मनात काय डाचत होतं ते मी त्याला सांगून टाकलं. आता तुला सांगतो, कारण मागच्या पत्रात मी ते झाकलं होतं.

सातव्या डावात नेहमीप्रमाणे फुगे सोडले असं लिहिलं ना? नेहमीप्रमाणे नव्हतं. शेवटचा दिवस, म्हणून दणक्यात करू या अशी मला हौस. माणशी फुगे जास्त वाटले. पाचव्या डावात सोडले, सातव्यात सोडले, नवव्यातही सोडले. सगळं स्टेडियम फुगे फुगवत होतं आणि मी कठड्यावर चढून ओरडत होतो, "आणखी! मोठे करा, आणखी मोठे!" त्या दिवशी वारा समुद्राकडून होता. तोंड मोकळं सोडलेले फुगे शिट्या मारत वर गेले आणि सगळे परत मैदानातच पडले. दर खेपेला मैदानावरची माणसं धावत येऊन रबर वेचत बसली, खेळाडू कमरेवर हात ठेवून उभे. पंच दोनदा आमच्या बाकांकडे हात करून दटावून गेला. मला वाटलं, मजा येतेय. अति तिथे माती म्हणतात ते खोटं नाही. साडेतीन तास उलटून दोनच मिनिटं झाली होती, चिनामी. रबर वेचण्यात किती गेली असतील?

नियमाने नाही, मी घात केला. अर्धा हंगाम रागापायी गाणं अडवलं, आणि ज्या दिवशी वाजवायचं होतं त्या दिवशी हौसेपायी. रागाचं एक वेळ माणूस विसरतो. हौसेचं मला विसरता येत नाही.

सेइजी ऐकून घेत होता. मला वाटलं उठून जाईल. पण म्हणाला, "मला तेव्हाच कळलं होतं. बाकावर बसून दुसरं काय करणार, घड्याळच बघत होतो."

"मग तू बोलला का नाहीस?"

"तुम्ही इतके खूश दिसत होता बाबा." त्याने कप खाली ठेवला. मग म्हणाला, "चिनामी आली होती, हे माहीत आहे का तुम्हाला?"

"कुठे?"

"समोर. पाहुण्या संघाच्या बाकांवर, अगदी वरच्या रांगेत. तुमच्याकडे यायचं नव्हतं म्हणून तिकडे बसली. ट्रम्पेट आणलं होतं. म्हणाली होती, 'बाबांनी पहिला सूर धरला की मी तिकडून उचलेन.' मी वर्तुळात आलो तेव्हा बघितलं, पिशवीतून काढून तयार होऊन उभी होती."

माझ्या हातातली झारी तेलात पडली. सेइजीनेच ती चिमट्याने काढली. मग म्हणाला, "हे तुम्हाला कळलंय ते तिला माझ्याकडून नको कळायला. तुम्हीच लिहा. सगळं लिहा, फुग्यांचंसुद्धा."

म्हणून लिहिलं. आमचं काम असं की तोंड लोकांकडे आणि पाठ मैदानाकडे. त्या दिवशी फुगे सोडताना मी चारही बाजूंना वळून वळून बघितलं, किती उंच गेले, कुठे पडले, लोक हसतायत का. समोरच्या बाकांकडेही बघितलं असणार. तू दिसली नाहीस.

मी अख्ख्या स्टेडियमला फुंकर घाला, आणखी घाला म्हणून ओरडत होतो, आणि पोरी, तू पलीकडे माझ्या एका सुरासाठी श्वास राखून उभी होतीस.

बाबा